आधी पाणी, मग रंग

जुनं घर विकत घेतलं की बघायला येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा रंगाबद्दल बोलतो. हॉलला हा रंग खुलून दिसेल, ही मधली भिंत काढली तर केवढं मोकळं वाटेल, फरशी तर बदलाच. आमच्याकडेही हेच झालं. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि एक खोली, वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि बाथरूम, त्यावर उघडी गच्ची. विटांच्या जाड भिंती आणि त्यावर आरसीसीचा स्लॅब. आधीच्या मालकांनी विकण्यापूर्वी आतून नवा रंग देऊन घेतला होता, त्यामुळे पाहताना सगळं कसं नीटनेटकं दिसायचं. विक्रीआधी नुकताच रंग दिलेलं घर कोणी दाखवलं की मी आता छताचे कोपरे आणि भिंतींचे खालचे दोन-तीन फूट बघते. नवा रंग सगळ्यात आधी तिथेच फुगतो.

आमच्या घरात ओल दोन ठिकाणी होती. एक हॉलच्या छताच्या कोपऱ्यात, बरोबर वरच्या बाथरूमखाली. दुसरी खालच्या खोलीत, बाहेरच्या बाजूच्या भिंतीला, जमिनीपासून जवळजवळ कमरेपर्यंत. पाहायला आलेल्या सगळ्यांनी दोन्हींवर एकच औषध सांगितलं: वॉटरप्रूफिंग. कोणी केमिकलचे दोन हात मारा म्हणालं, कोणी टाइल लावून टाका म्हणालं. पाणी येतंय कुठून, हे मात्र कोणी विचारेना. ते विचारलं एका वयस्कर प्लंबरकाकांनी. पुढचं बरंचसं काम मग त्यांच्याच पद्धतीने झालं.

त्यांचा हिशेब साधा होता. पाऊस पडल्यावर ओल वाढत असेल तर गच्ची किंवा भिंतीतली भेग बघायची. बाथरूम वापरल्यावर वाढत असेल तर सांडपाण्याचा पाइप, नाहणीखालचा पाणी धरून ठेवणारा ट्रॅप नाहीतर फरशीचे सांधे. घरात कोणी काहीच वापरत नसताना ओल तशीच राहत असेल तर नळाची लाइन, कारण तिच्यात दाब चोवीस तास असतो. आणि गार भिंतीवर हवेतलं बाष्प जमून पाझर फुटल्यासारखं दिसत असेल तर ती गळतीच नव्हे, तिथे वारा खेळता ठेवणं हाच उपाय. "ताई, घर रिकामं आहे तोवर शोधून घ्या," ते म्हणाले. "एकदा राहायला आलात की सगळीकडे पाणीच पाणी. मग कुठलं पाणी कुठून आलं ते कोण सांगणार?"

मग आम्ही वरच्या लाइनची चावी बंद केली, बाथरूम कोरडं ठेवलं, आणि छतावरच्या डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहिली. काही दिवसांत डाग रेघेच्या आत सरकला, मधे फिकट पडला. त्यानंतर नाहणीच्या तोंडात बोळा घालून फरशीवर दोन बोटं पाणी साठवलं, त्यात रंग मिसळला. डाग जागचा हलला नाही. बोळा काढून ते रंगीत पाणी सोडून दिलं, तरी काही नाही. म्हणजे फरशीही ठीक आणि खालचा पाइपही ठीक. मग सगळं पुसून फक्त चावी उघडली. एकही नळ सोडला नाही, तरी डाग पुन्हा रेघेकडे निघाला.

भिंत फोडल्यावर जी.आय., म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपचा एल्बो, वळणावरचा जोड, हाती लागला. बाहेरून तांबूस, आणि एका बाजूला टाचणीच्या टोकाएवढं छिद्र. काकांनी तो करवतीने कापून माझ्या हातात ठेवला. अर्ध्या इंची पाइपच्या आत गंजाचे पापुद्रे चढत चढत जेमतेम पेन्सिल जाईल एवढी वाट उरली होती. वरच्या नळाला पाणी बारीक येतं ते टाकी पुरेशी उंच नाही म्हणून, असं आम्हाला घर दाखवताना सांगितलं होतं. टाकी बिचारी निर्दोष होती. एवढा एल्बो बदलून पुढे जाता आलं असतं, पण जस्ताचा थर आतून खाल्ला गेला की तो सगळ्या लांबीभर गेलेला असतो. पहिल्यांदा कुठे फुटणार एवढाच प्रश्न असतो. त्यामुळे घरातली सगळी नळाची लाइन काढली आणि सीपीव्हीसीची, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकची, टाकली. साधं यूपीव्हीसी गरम पाण्याला चालत नाही, ६० अंशांच्या आसपास ते मऊ पडायला लागतं. सीपीव्हीसी ९३ अंशांपर्यंत टिकेल असं बनवलेलं असतं. पाइपसाठी भिंतीत खोदलेल्या झिऱ्या बुजवण्याआधी हातपंपाने दाब देऊन लाइन रात्रभर तशीच ठेवली. सकाळी काटा होता तिथेच असला तरच सिमेंट कालवायचं, ही काकांची अट होती.

खालच्या खोलीतल्या ओलीची जातच वेगळी होती. त्या भिंतीत पाइप नव्हताच. आधी कोणीतरी तिच्यावर ऑइलपेंट दिला होता आणि त्यावर प्लायवूडचं पॅनेल मारलं होतं. पॅनेल काढलं तर मागे काळी बुरशी, वाळवीच्या मातीच्या नळ्या आणि गिलाव्यावर फुललेला पांढरा क्षार, बोटाने चोळला की पूड होणारा. भिंतीवर प्लास्टिकचा एक चौकोन चारही कडांनी पट्टी लावून चिकटवला आणि दोन दिवस ठेवला. थेंब प्लास्टिकच्या मागच्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला धरले. पाणी भिंतीतूनच येत होतं, आणि ते वर चढत होतं.

याचं कारण घराच्या बाहेर निघालं. बांधताना जोत्याच्या पातळीला भिंतीत ओल अडवणारा एक थर घातलेला असतो. त्याच्या खालच्या विटा जमिनीतलं पाणी शोषतात, पण थराच्या वर ते जाऊ शकत नाही. आमच्या मागच्या अंगणात मात्र वर्षानुवर्षं कोब्यावर कोबा, त्यावर फरशी, त्यावर पेव्हर ब्लॉक असं करत जमीन त्या थराच्याही वर आली होती. पाण्याला थर ओलांडायची गरजच उरली नव्हती, ते बाजूनेच आत येत होतं. वर ऑइलपेंट आणि पॅनेल मारून बाहेर पडायची वाट बंद केल्यामुळे ओल आणखी वर सरकली, एवढंच. अशा भिंतीला आतून कुठलंही केमिकल लावणं मला तरी पटत नाही. आम्ही भिंतीलगतचे ब्लॉक आणि कोबा उखडून जमीन त्या थराच्या १५० मिलिमीटर खाली नेली, घरापासून लांब उतार दिला, आणि आतला गिलावा ओलीच्या रेषेच्या वर हातभर उंचीपर्यंत विटेपर्यंत काढून टाकला. तिथे नंतर सिमेंटचा नव्हे, चुन्याचा गिलावा केला. चुन्यातून ओल बाहेर पडून सुकते, सिमेंट ती कोंडून ठेवतं. आतलं काम म्हणून सुरू केलेल्या गोष्टीत पहिले मजूर अंगण खणत होते, हे शेजाऱ्यांना जरा गमतीचं वाटलं.

हॉल आणि स्वयंपाकघरामधली भिंत पाडायची हे आम्ही घर पाहतानाच ठरवून टाकलं होतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरने ती पाच मिनिटांत मोडीत काढली, म्हणजे भिंत नव्हे, कल्पना. दरवाजाच्या चौकटीपाशी गिलावा खरवडून त्याने जाडी मोजली. साडेचार इंची भिंत बहुतेक वेळा नुसता आडोसा असते. ही नऊ इंची होती, आणि वरच्या मजल्यावरची भिंत बरोबर हिच्याच डोक्यावर उभी होती. दोन्हीकडच्या स्लॅबचं ओझं हिच्यावर. ती काढायची तर वर लोखंडी तुळई, बाजूला खांब, खांबांना पाया, आणि ते होईपर्यंत स्लॅबला टेकू. सगळं करता येतं, पण त्याच पैशात आमची पूर्ण पाण्याची आणि विजेची लाइन होत होती. होता तो दरवाजा तेवढा जरा रुंद केला, वर नवा लिंटेल, म्हणजे दारावरची आडवी तुळई, टाकून. मोकळ्या स्वयंपाकघराचा बेत राहूनच गेला. आता फोडणीचा वास हॉलमध्ये येत नाही यात मला समाधान आहे, पण हे मी पाडायच्या बाजूने असताना म्हणत नव्हते हेही खरं.

त्याच भेटीत त्याने छोट्या हातोडीने सगळ्या छतावर टकटक केली. चांगल्या काँक्रीटचा आवाज खणखणीत येतो. दोन ठिकाणी तो भद्द आला. तिथलं आवरण फोडलं तर आतल्या सळ्या गंजून पापुद्र्यांनी फुगलेल्या. यामागचं कारण मला त्याच्याकडूनच पहिल्यांदा नीट कळलं. ताजं काँक्रीट खूप अल्कधर्मी असतं, पीएच १२-१३ च्या घरात. त्या वातावरणात सळीवर एक पातळ संरक्षक थर तयार होतो आणि ती गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं हळूहळू आत शिरत जातो, पीएच ९ च्या आसपास उतरतो, आणि तो सळीपर्यंत पोचला की ते संरक्षण संपतं. त्यात पाणी मिळालं की गंज. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा लागते, म्हणून तो खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. छताचा पोपडा पडला की लोक त्यावर सिमेंटचा हात मारून घेतात. आत सळी फुगतच असते, त्यामुळे दोन वर्षांनी तोच तुकडा जरा मोठा होऊन पडतो. आमच्याकडे सळीच्या मागेही बोट जाईल इतकं काँक्रीट काढलं, सळ्या तारेच्या ब्रशने चकचकीत घासल्या, गंजरोधक लेप दिला, जुन्या-नव्याला धरून ठेवणारा बाँडिंग कोट दिला आणि पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने थराथराने भरलं. हे काम करणारा माणूस सळी घासताना कंटाळतो, त्यामुळे तिथे समोर उभं राहायचं. बाकी कामांवर इतकी पाळत ठेवायची गरज पडत नाही.

ठेका कसा द्यावा यावर घरात बरीच चर्चा झाली. एकरकमी ठेका ऐकायला बरा वाटतो, पण जुन्या घरात फोडल्यावर काय निघेल ते ठेकेदारालाही माहीत नसतं. मग एक तर तो भीतीपोटी रक्कम फुगवतो, नाहीतर अर्ध्यावर "हे धरलं नव्हतं" सुरू होतं. आम्ही फोडकाम, गिलावा, वॉटरप्रूफिंग, फरशी, झिऱ्या असे दर ठरवून मापावर काम दिलं आणि मापं दोघांनी मिळून घेतली. अंदाजपत्रकाच्या वर १५ ते २० टक्के बाजूला ठेवा असं सगळे सांगतात, आम्हीही ठेवले होते. अंगण आणि सळ्यांनी ते स्वयंपाकघर सुरू व्हायच्या आधीच संपवले. मग वॉर्डरोब आणि फॉल्स सीलिंग यादीतून खोडलं. फॉल्स सीलिंगचं मला काडीचं दुःख नाही. जुन्या घरात छत दिसत राहावं, नवा डाग पडला तर त्याच दिवशी कळतो.

फोडकामाचे दिवस म्हणजे धूळ आणि राडारोडा, दुसरं काही नाही. सांगण्यासारखी एकच गोष्ट झाली. हॉलमध्ये व्हिनाइलची फरशी चिकटवलेली होती. तिचा एक कोपरा उचकटला तर खाली मोझॅक! पिवळसर सिमेंटात काळ्या-पांढऱ्या संगमरवराच्या चिपा. वर गोंदाचा काळपट थर, पण आवाज सगळीकडे भरीव. फरशी बदलायचा बेत तिथेच रद्द केला. पॉलिशवाल्याने मशीनवर आधी जाड दाण्याचे, मग बारीक होत जाणारे दगड लावून ती घासली, फुटलेल्या चिपांच्या जागा रंग जुळवून सिमेंटने भरल्या आणि शेवटचा हात मारला. कोणी ॲसिडने धुऊ म्हणालं तर ऐकू नका. ॲसिड संगमरवरही खातं आणि सिमेंटही, मग फरशी कायमची खरखरीत आणि मातकट होते. दरवाजा रुंद केला तिथे जी वीतभर जागा फरशीविना उरली, तिथे जुळणारी लादी शोधण्याचा नाद सोडून सरळ काळ्या दगडाची पट्टी बसवली. न जुळणारं जुळवायला गेलं की ते जास्त दिसतं.

विजेचं तर सगळंच नवीन करावं लागलं. भिंतीवरच्या लाकडी पट्टीतली जुनी वायर बाहेर ओढली तेव्हा तिच्यावरचं रबर बोटात चुरा होत होतं. प्लग सगळे तीन पिनांचे होते, पण दोन खोल्यांत तिसऱ्या भोकाच्या मागे वायरच नव्हती. अर्थिंग फक्त दिसण्यापुरतं. म्हणून जुनं घर घेतलंत तर तीन भोकं बघून निर्धास्त होऊ नका, वायरमनला प्लग उघडून दाखवायला सांगा. आता दिव्यांना १.५, साध्या प्लगना २.५ आणि गिझर-ओव्हनसारख्या जड उपकरणांना ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आहे, प्रत्येक जड उपकरणाला वेगळी लाइन. एमसीबी असला की झालं असं बऱ्याच जणांना वाटतं. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवतो, माणसाला नाही. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो, तो गळणारा करंट ओळखून लाइन तोडतो. त्यावरचं चाचणीचं बटण अधूनमधून दाबून बघायचं असतं, ते किती घरांत दाबलं जातं देव जाणे.

झिऱ्या मारण्यावरून वायरमन आणि आमचं थोडं वाजलं. त्याला जवळचा रस्ता म्हणून एका स्विचबोर्डापासून दुसऱ्यापर्यंत आडवी झिरी मारायची होती. भार घेणाऱ्या विटांच्या भिंतीत आडवी खोल झिरी म्हणजे भिंतीची जाडी तेवढ्या रेषेत कमी करणं. ढोबळ नियम असा की उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून खोल नको आणि आडवी एक षष्ठांशाहून. साडेचार इंची भिंतीत आडवीला जेमतेम पाऊण इंच मिळतो, तेवढ्यात पाइपच धड बसत नाही. मग सगळ्या वायरी छताजवळून नेऊन प्रत्येक बोर्डाला सरळ खाली उतरवल्या. वायर थोडी जास्त लागली, पण आता कुठल्याही बोर्डाच्या बरोबर वर खिळा मारायचा नाही एवढं लक्षात ठेवलं की पुरतं. बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीशी टेप धरून फोटो काढले. पुढे पडद्याचा रॉड आणि आरसा बसवताना त्याच फोटोंवर काम चाललं.

बाथरूमसाठी सल्ला मिळाला तो जुन्या टाइलवर नवी टाइल चिकटवण्याचा. फोडणं नको, राडा नको, लवकर होईल. एल्बोची गळती सापडलीच होती, मग फोडायचं कशाला? पण नव्या लाइनसाठी भिंती तर फोडायच्याच होत्या, शिवाय टाइलवर टाइल घातली की फरशी वर येते, दार खालून तासावं लागतं, आणि उंबऱ्याशी पाणी अडायला उंची उरत नाही. आम्ही खालच्या स्लॅबपर्यंत सगळं काढलं. बाथरूम पुन्हा उभं करण्यातलं खरं काम त्यानंतरचं, टाइल येण्याआधीचं. आधी पाइप जिथे स्लॅबमधून जातो तिथला भाग न आकसणाऱ्या ग्राउटने भरला. मग भिंत आणि फरशीच्या कोनात मॉर्टरची गोलाई, ज्याला गवंडी वाटा म्हणतात, ती फिरवली. काटकोनात वॉटरप्रूफिंगचा लेप नेहमी तडकतो आणि बरोबर तिथूनच पाणी उतरतं. कोपऱ्यांत लेपाच्या पोटात जाळी दाबली. लेपाचे दोन हात, पहिला उभा आणि तो सुकल्यावर दुसरा आडवा, फरशीवर आणि भिंतीवर फूटभर, शॉवरच्या बाजूला डोक्याच्या वरपर्यंत.

मग पाणी साठवायची चाचणी. नाहणी बंद, दारात विटेचा बांध, फरशीभर पाणी, भिंतीवर पातळीची खूण, आणि दोन दिवस थांबायचं. दुसऱ्या दिवशी पाणी खुणेच्या थोडं खाली दिसलं आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. काकांनी मात्र पहिल्याच दिवशी तिथे एक पसरट टब भरून ठेवला होता, त्यावरही खूण होती. टबातलंही पाणी तेवढंच उतरलं होतं. हवेत उडालेलं पाणी. खाली हॉलमध्ये छत कोरडं ठाक. टाइल बसल्यावर हीच चाचणी पुन्हा केली. ठेकेदाराच्या बिलातली एक ठरावीक रक्कम या दुसऱ्या चाचणीनंतरच द्यायची असं आधीच लिहून घेतलं होतं, त्यामुळे चाचणीची घाई त्यालाच जास्त होती.

बाथरूमच्या फरशीला मोठ्या टाइल्स सुंदर दिसतात, पण उतार द्यायला त्या अडेल असतात. मीटरला साधारण १० ते १५ मिलिमीटर उतार हवा आणि तोही चहूबाजूंनी नाहणीकडे. मोठी टाइल दोन दिशांना वाकत नाही, ती कापत बसावं लागतं. आम्ही फरशीला लहान टाइल घेतल्या. गवंड्याने पाणसळ लावून दाखवली, मी मगाने पाणी ओतून पाहिलं. दाराजवळ एक डबकं राहिलं. चुना-सिमेंट ओलं होतं तोवर तेवढ्या टाइल्स उचलून पुन्हा बसवल्या. अशा गोष्टी त्याच दिवशी बोलायच्या, दुसऱ्या दिवशी टाइल सुटत नाही आणि माणूसही सुटत नाही. टाइलखाली पोकळी राहिली आहे का ते नाण्याने ठोकून कळतं.

जाता जाता एक. बंद राहिलेल्या घरात गटाराचा वास येतो आणि लोक पाइप फुटला म्हणून धास्तावतात. बहुतेक वेळा ट्रॅपमधलं पाणी सुकलेलं असतं. ते पाणीच वायू अडवतं. प्रत्येक नाहणीत आणि बेसिनमध्ये मगभर पाणी ओता, दुसऱ्या दिवशीही वास असेल तर मग प्लंबरला बोलवा.

नव्या गिलाव्यावर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं आणि मग त्याला सुकायला सोडून दिलं. या सुकण्याच्या काळात सगळे अस्वस्थ होतात. रंगारी रोज फोन करायचा, "वरून तर कोरडं दिसतंय की." वरून कोरडं म्हणजे काहीच नाही. सिमेंटला बऱ्यापैकी पक्कं व्हायलाच २८ दिवस लागतात, आणि ताज्या गिलाव्यातला अल्कली ओलीबरोबर वर येऊन रंगाचे ठिपके आणि पापुद्रे करतो. महिना उलटून गेल्यावरच त्याला हात लावू दिला.

हा रिकामा काळ सुताराच्या मापांना उपयोगी पडला. जुन्या घरात कुठलाही कोपरा गुण्यात नसतो. एका भिंतीवर ३ फुटांवर खूण, दुसरीवर ४ फुटांवर, मधलं अंतर बरोबर ५ फूट आलं तर काटकोन. स्वयंपाकघरात ते दोन बोटांनी जास्त आलं. उंचीही चार कोपऱ्यांत चार निघाली. म्हणून कपाटांची मापं गिलावा आणि टाइल पूर्ण झाल्यावरच घेतली, तीही प्रत्येक भिंतीवर खाली, मधे आणि वर, आणि सगळ्यांत लहान माप धरून कपाटं केली. भिंतीशी जी पाचर उरली तिथे सुताराने पट्टी भिंतीच्या वळणाप्रमाणे रंधून बसवली. फोडकामाआधीच फॅक्टरीत ऑर्डर द्या, वेळ वाचेल, असं एका विक्रेत्याने फार आग्रहाने सांगितलं होतं. कागदावर सगळी घरं काटकोनातच असतात.

दरवाजांच्या चौकटी सागाच्या निघाल्या, ऑइलपेंटच्या एकावर एक थरांखाली. कोरडं घासून रंग काढायचं मशीन मी आत येऊ दिलं नाही. जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं, आणि ती धूळ नाका-तोंडातून जाते, लहान मुलांना तर फारच घातक. रंग उतरवणारं द्रावण लावायचं, थर फुगला की पत्र्याने ओलाच खरवडायचा, खाली प्लास्टिक, तोंडाला मास्क, खपल्या पिशवीत बांधून बाहेर. काम कंटाळवाणं आहे आणि बिजागरीच्या खाचांत तर संपतच नाही. वरच्या खोलीची एक चौकट खालून वाळवीने पोखरलेली होती. ती पूर्ण बदलण्याऐवजी फूटभर कुजका भाग कापून तिथे सागाचाच तुकडा खाचेत बसवला. जोड दिसतो. मला तो आवडतो, नवऱ्याला नाही.

रंगाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. लांबी म्हणजे पुट्टी, घासणं, प्रायमर, दोन हात. जे रंग आम्ही पहिल्या आठवड्यात हौसेने निवडले होते त्यांतला एकही शेवटी लावला नाही, कारण मोझॅक उघडा पडल्यावर ते त्याच्याशी भांडायला लागले.

काही कामं अजून बाकी आहेत. खालच्या खोलीतली चुन्याची भिंत रंगाविना आहे. एक पूर्ण पावसाळा तिच्यावरून जाऊ द्यायचा आणि पांढरा क्षार पुन्हा येतो का ते पाहायचं, तोवर तिथे कपाटही लावायचं नाही. वरच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी जाणारी एक केसाएवढी भेग आहे. इंजिनिअरने ती भरू दिली नाही. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करून तारीख घालायला लावली, मधे रुंदी मोजून लिहायला लावली. भेग खुणेच्या पुढे सरकली किंवा रुंदावली तर पायाशी काय चाललंय ते बघावं लागेल. नाही सरकली तर लांबी भरून मोकळं व्हायचं. आतापर्यंत ती जागची हललेली नाही. त्याचं म्हणणं आहे की एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाईपर्यंत थांबा, आणि तोवर मला फोन करू नका.